दुसरा घोट

सुजाता, तुझ्या शेवटच्या फोनवर माझा अजून विश्वास बसलेला नाही.

तू गेलीस, यावर बसला. अकोल्याच्या दवाखान्यात तुझ्या भावानं, मिलिंदनं, मला आत नेलं आणि तुझ्या कपाळावर हात ठेवायला लावला, तेव्हा ते पटलं. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. मी त्यांच्याकडेही जरा रोखूनच पाहिलं, पण तो माणूस खरोखर थकलेला आणि ओशाळलेला दिसत होता, म्हणून पुढे काही विचारलं नाही. पण आदल्या दिवशी दुपारी तू मला फोन करून म्हणालीस, "अव्या, आकडा कमी कर." ते मला पटत नाही. दुसरं कुणी म्हणालं असतं तर मी समजू शकलो असतो. तू म्हणालीस, म्हणून सगळा घोळ आहे.

तुझ्या कॉलेजच्या फाटकाला फ्लेक्स लागला आहे. त्यातल्या फोटोत तू भरघोस हसते आहेस. एवढं हसताना मी तुला पाहिलेलं नाही. कुणीतरी कॉम्प्युटरवर तुझे ओठ ओढले असावेत, असा मला दाट संशय आहे. खाली लिहिलंय, 'सर्वांवर विश्वास ठेवणाऱ्या मनमिळाऊ प्राध्यापिका'. ते वाचून मला रस्त्यातच हसू फुटलं आणि मग तिथंच, एका बंद पानठेल्याला टेकून, मी रडलो. तू भाजीवाल्यासमोर कोथिंबिरीची जुडी सोडून आतल्या काड्या बघणारी बाई. गिला वड्याच्या गाडीवर सुद्धा तू आधी दह्याचा वास घ्यायचीस आणि गाडीवाला माझ्याकडे बघायचा, ही कोण आणली म्हणून.

तू अकोल्यात प्राणिशास्त्र शिकवायचीस, मी अमरावतीत संख्याशास्त्र. आपली गाठ पडायची ती अर्ध्या वाटेवर, मूर्तिजापूरला, स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपरीवर. टपरीवाल्याला बरीच वर्षं वाटत होतं की आपण कुणाच्या तरी सोयरिकीची बोलणी करतो, कारण कागद पसरून इतकं भांडण दुसऱ्या कशावरून होत नाही. आपण भांडायचो ते जहाजांच्या पोटातल्या पाण्यावरून. वऱ्हाडात बसून, जिथून समुद्र गाठायला रात्रभराची गाडी लागते. लोक हसायचे, तर तू म्हणायचीस, "माह्या तालुक्याचं नावच दर्यापूर हाय. तुमाले काय करा लागते?"

माझ्या गावच्या, तिवशाच्या शाळेत मी तुला एकदा भाषणाला नेलं होतं, ते आठवतं. समोर पोरं कमी आणि म्हातारे जास्त. तू फळ्यावर काही काढलं नाहीस. तू विचारलंस, "रिकामी गाडी उलार झाली, मागं कलली, त काय करता?"

एकजण म्हणाला, "पुढं कोनाले तरी बसवतो."

"तसंच हाय. रिकाम्या जहाजाले बी तोल पाह्यजे. थे मानसं कुठून आननार? म्हून समुद्राचं पानी पोटात भरून घेते. जिथं माल उचलाचा, तिथं थे पानी सोडून देते न माल भरते."

"पानीच त हाय," मागून कुणीतरी म्हणालं. "पान्यात पानी सोडलं त बिघडलं काय?"

तू खिडकीबाहेर बोट दाखवलंस. शाळेच्या मागे गाजरगवत कमरेएवढं माजलं होतं. "थे कोनं पेरलं?"

"कोनंच नाई. परदेशी गव्हासंगं आलं म्हन्तात."

"बस. पान्यासंगं बी असंच येते. अंडे येतेत, अळ्या येतेत, शिंपल्यायचे पिल्लं येतेत. पेरत कोनीच नाई. उपटाले मात्र गावाले लागते."

त्या दिवशी परतताना मी तुला म्हटलं होतं की तू फार सोपं करून सांगतेस. तू म्हणालीस की तुम्ही आकडेवाले फार अवघड करून सांगता, म्हणजे कुणाला तपासता येऊ नये. हे भांडण आपलं कधी मिटलं नाही. 'अंदाज' हा शब्दच तुला आवडायचा नाही. कोणतं जहाज किती पाणी सोडून गेलं, हे समुद्र सांगत नाही. एक तर जहाजवाले सांगतात ते मानायचं, नाही तर रिकामं आलेलं जहाज किती माल घेऊन गेलं त्यावरून आत किती पाणी असेल याचा हिशेब करायचा. माझं पोट या दुसऱ्या मार्गावर. तू म्हणायचीस, "तुह्या आकड्याले वास नाई येत, अव्या. मले वासाची वस्तू पाह्यजे." मी म्हणायचो, सगळ्या समुद्राचा वास घेत बसलीस तर निवृत्त होशील. त्यावर तू चहा संपवायचीस आणि पेल्याचा तळ बघायचीस. का बघायचीस, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

तुमच्या गावाचं पाणी खारं. पूर्णेच्या काठचा तो सगळा पट्टाच खारपाणाचा. विहीर खणा, बोअर मारा, लागतं ते खारंच. डाळ शिजत नाही, चहा फाटतो. मी गोड विहिरीचा माणूस. आमच्या मळ्यात पोहरा टाकायचा आणि प्यायचं. पाण्यावर संशय घेता येतो, हेच मला मोठा होईपर्यंत माहीत नव्हतं. जहाजांच्या पाण्याचे नमुने घ्यायला आपण कोकणात गेलो, त्या पहिल्या फेरीत तू, बोटीच्या धक्क्यावर ताटकळत असताना, तुमच्या टँकरची गोष्ट सांगितलीस.

उन्हाळ्यात टँकर यायचा तो आधी वरच्या आळीत, मग तुमच्या बौद्ध वस्तीत. तुझ्या आजोबांच्या लक्षात आलं की वरच्या आळीत गोड असलेलं पाणी तुमच्यापर्यंत येताना मचूळ होतं. टँकरवाला मधे खाऱ्या विहिरीवर थांबायचा आणि रिकामी झालेली टाकी भरून घ्यायचा. मग भांडण झालं, बैठक झाली, शिव्या झाल्या, आणि त्यातून गावाला एक रिवाज लागला. टँकर सोडायच्या आधी दोघांनी पाणी चाखायचं. एक वरच्या आळीचा, एक तुमच्या वस्तीतला. एकमेकांशी न पटणारे असले तर उत्तमच. पाणी वरच्या झाकणातून घ्यायचं नाही, तळाच्या तोटीतून घ्यायचं. पहिला घोट एकानं, दुसरा दुसऱ्यानं. दोघंही 'गोड' म्हणाले तरच पाइप लावायचा. तुझे आजोबा चाखायचे, नंतर तुझे बाबा. तू म्हणालीस, "आमच्या घरात भरोसा नावाची वस्तू तळातून काढून पाह्यल्याशिवाय घेत नाईत."

जहाजावर तू तेच करायचीस. वरचा अधिकारी आधीच भरून ठेवलेली बाटली अदबीनं पुढे करायचा. तू ती बाजूला ठेवायचीस आणि टाकीचं झाकण उघडायला लावायचीस. मग वरचं पाणी नको, खालचं द्या. मग खालचंही नको, तळाचा गाळ द्या. जिवंत काही असेल तर ते गाळात दडलेलं असतं, हे जहाजवाल्यांनाही ठाऊक होतं आणि तुलाही. तुला ते चहा द्यायचे, तू घ्यायची नाहीस. मी घ्यायचो. भर समुद्रात टाकी रिकामी करून नव्यानं भरली, असं ते सांगायचे, कारण खोल समुद्रातले जीव खाडीत तगत नाहीत. तू खारेपणा मोजायचं यंत्र काढायचीस, पण त्याआधी एक थेंब जिभेवर ठेवून थुंकायचीस. मी ओरडायचो, रोग होईल. तू म्हणायचीस, "यंत्राले माह्या जिभेचा वचक राहाते." एकदा तो थेंब थुंकून तू माझ्याकडे वळून हळूच म्हणालीस, "खोटं बोलून राह्यला. खार कमी हाय, हे खाडीचं हाय." यंत्रानंही तेच दाखवलं. तो अधिकारी पुढे बराच वेळ आपल्याशी हिंदीत नम्रपणे बोलत राहिला, आणि त्याची ती नम्रता मला उद्धटपणापेक्षा जास्त खुपली.

आता जहाजांवर पाणी शुद्ध करायची यंत्रं असतात. यंत्र आहे, हे खरं. ते चालू होतं का, हा तुझा प्रश्न.

ज्या खाडीवरून पुढचं सगळं झालं, तिचं नाव मी लिहीत नाही, कारण सुनावणी व्हायची आहे आणि मला कुणाचाच भरोसा नाही. तिथली काशीबाई तुला विसरणार नाही. ओहोटीला गुडघाभर चिखलात उभं राहून ती तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढते. तिची आई काढायची, तिची सून काढते. तिनं टोपली आपल्यासमोर उलटी केली. निम्म्या तिसऱ्या आणि निम्मी ती बारीक काळपट शिंपली, तिसऱ्यांच्याच पाठीवर घट्ट बसलेली.

"ही आमची न्हाय," ती म्हणाली. "माझ्या लग्नात न्हवती, सुनेच्या लग्नात न्हवती. जेटीवर मोठी बोट लागायला लागली, मग आली. शिजवली तर वास येतो. कोण घेईल?"

तू ती शिंपली नखानं सोडवायचा प्रयत्न केलास. सुटेना. तू तिसरीच फोडलीस आणि ती काळी शिंपली रुमालात बांधून घेतलीस. परतताना बसमध्ये तू तो रुमाल मांडीवर धरून बसलीस. मला तेव्हाच कळलं की हे काम आता तुझ्यासाठी पेपर छापण्याचं राहिलेलं नाही.

मग जेटी वाढवायचं ठरलं आणि सुनावणी लागली. मुद्दा एकच होता. रिकाम्या येणाऱ्या प्रत्येक जहाजाचं पाणी सोडण्याआधी तपासायचं, की जहाजवाल्यांच्या शब्दावर सोडू द्यायचं? जेटीवाल्यांचे इंजिनिअर देसाई म्हणत होते की इथं परकं पाणी पडतं ते किरकोळ. आपण म्हणत होतो, किरकोळ नाही. सुनावणी घेणाऱ्या समितीनं आपल्याकडे अंदाज मागितला. आकडा मोठा निघाला तर तपासणी सक्तीची होणार, छोटा निघाला तर काशीबाईची टोपली आणि जहाजवाल्यांचा शब्द, दोन्ही जिथल्या तिथं.

मी आकडा काढला. चांगला दणदणीत निघाला. तुला मूर्तिजापूरला दाखवला तेव्हा तू टपरीवाल्याला दुसरा चहा सांगितलास. माझ्या आकड्याला मिळालेली ती सगळ्यात मोठी दाद. तू कागद घेऊन गेलीस, मग जेटीवर एकटीच जाऊन आलीस. त्यांच्याच विश्रामगृहात राहिलीस. आणि परत आलीस ती हापूसची पेटी घेऊन.

ती पेटी मी विसरू शकत नाही. तू ती टपरीच्या बाकावर ठेवलीस आणि म्हणालीस, "घरी ने. वयनी खातीन."

"कोनं दिली?"

"आंबे हायेत, अव्या. आंब्याले काय इचारतं?"

हे तू म्हणालीस. जहाजावर चहाचा घोट न घेणारी तू. मी पेटी घरी नेली, पण त्यातला एकही आंबा माझ्या घशाखाली उतरला नाही. बायकोनं शेजारी वाटले. आणि त्यानंतर तुझा तो फोन आला.

"अव्या, आकडा कमी कर."

"काहून?"

"कमी कर म्हन्तो न. जास्त झाला थो."

"कोनं सांगतलं तुले? देसायानं?"

 मग तुझा तो कोरडा आवाज, वर्गात मुलं गप्प करणारा. "घे. घे संशय. घेतलाच पाह्यजे. पन जहाजं पुन्हा पाह्य, एकएक. मले दम लागून राह्यला, मी उद्या बोलतो."

दम लागतो हे तू सांगितलंस, आणि मला ती सबब वाटली. खरं सांगतो, सुजाता, मला त्याचा पस्तावा होत नाही. वाईट मात्र फार वाटतं. पस्तावा होत नाही, कारण माझ्या जागी तू असतीस आणि मी आंब्याची पेटी घेऊन येऊन म्हणालो असतो की आकडा कमी कर, तर तू मला टपरीवरच उभं-आडवं सोललं असतंस. वाईट वाटतं, कारण 'उद्या बोलतो' म्हणालीस आणि उद्या मी तुला बोलायला आलो तेव्हा तू बोलण्यापलीकडे गेली होतीस.

तुझ्या पुण्यानुमोदनाला मी गावी गेलो. उन्हानं माती भेगाळली होती, पूर्णेच्या काठच्या बाभळीसुद्धा राखाडी दिसत होत्या. वंदना झाली, भंतेजी बोलले, माणसं जेवली. मला कुणाच्या डोळ्याला डोळा भिडवता येत नव्हता, कारण मी शोक करायला आलो होतो की चौकशी करायला, हे माझं मलाच ठरवता येईना. मिलिंदला मी हळूच पेटीबद्दल विचारलं. त्याला काही माहीत नव्हतं. तुझ्या टेबलावर काही आहे का, असंही विचारणार होतो, पण त्याच्या हातात तुझी चप्पल होती. कुणाला द्यायची, की घरातच राहू द्यायची, ते त्याला सुचत नव्हतं. 

तेवढ्यात टँकर आला. तुमच्याकडे आता नळ आहे, पण उन्हाळ्यात त्या नळाला पाणी असतं कुठं. तुझे बाबा मांडवातून उठले. सकाळपासून ते एका जागी बसून होते, कुणी काही म्हणालं की मान हलवत होते. ते काठी टेकत टँकरपाशी गेले. वरच्या आळीचा एक तरणा माणूस आधीच उभा होता, पेला घेऊन. त्यानं तळाच्या तोटीतून पाणी घेतलं, चाखलं, म्हणाला, "गोड."

बाबांनी पेला हातात घेतला. मग त्यांनी इकडे तिकडे पाहिलं आणि मला हाक मारली.

"भाऊ, तुमी या. तुमी चाखा."

मी म्हटलं, "बाबा, तुमीच चाखा. तुमचा मान हाय."

"मान कायचा," ते म्हणाले. "आज घरात पानी नाई. अर्धा गाव जेवून राह्यला माह्या दारात. मले पानी पाह्यजेच हाय. अशा मानसानं चाखू नये."

"काहून?"

"तहानल्या जिभेले खारं बी गोड लागते." त्यांनी पेला माझ्याकडे धरला. "माहा बाप सांगे. ज्याले गरज जास्त, त्यानं दुसऱ्याले द्याचा. सुजीले लहानपनी लय राग ये. तिले सारं सोताच चाखाचं राहे. मंग समजली."

मी घोट घेतला. गोड होतं. तोटी सोडली, पाइप लागला, बाया घागरी घेऊन आल्या. मी मात्र तिथंच उभा होतो, रिकामा पेला धरून, आणि मांडवात मला परत जावंसं वाटेना.

या रिवाजाचा हा भाग तू मला कधी सांगितला नाहीस. दोघांनी चाखायचं, तळातून चाखायचं, न पटणाऱ्यानं चाखायचं, एवढंच सांगितलंस. तहानल्यानं चाखायचं नाही, हे तू फोनवर सांगणार होतीस का? की 'तहान' या शब्दावर मी हसेन, असं तुला वाटलं? आपल्या दोघांना तो आकडा मोठा हवा होता. काशीबाईची टोपली पाहिल्यापासून हवा होता. तू चहा सांगितलास, मी खूश झालो, आणि दोघंही एकाच बाजूला तोंड करून 'गोड' म्हणालो. तुझ्या गावात असला टँकर कुणी सोडला नसता.

अमरावतीला परतल्यावर मी जहाजं पुन्हा पाहिली, एकएक. विश्वासानं नव्हे. तू विकली गेली होतीस की नाही, हे मला बघायचं होतं. माझ्या आकड्यात काही चुकलं नसतं तर मला तुझ्याबद्दल एक गोष्ट कळली असती, जी घेऊन मला उरलेलं आयुष्य काढावं लागलं असतं. 

आणि मग ते दिसलं. जेटीवरून जे जहाज माल घेऊन जातं ते रिकामंच आलं असणार, असं मी धरलं होतं. पण काही जहाजं कोळसा घेऊन येतात, तो तिथंच उतरवतात आणि मग तिथूनच दुसरा माल भरून निघतात. कोळसा उतरताना तोलासाठी ती पाणी घेतात, ते त्याच खाडीचं. माल भरताना सोडतात, तेही त्याच खाडीत. खाडीचं पाणी खाडीला परत. त्यात परकी शिंपली कुठून येणार? मी ते सगळं परकं पाणी म्हणून धरून बसलो होतो. कोळशाची धूळ तू जेटीवर उभी राहून डोळ्यांनी पाहिली असणार, म्हणून तर एकटी गेलीस. मला अमरावतीत पंख्याखाली ती दिसली नाही.

आकडा कमी केला. बराच उतरला. अजून किरकोळ नाही, असं मला वाटतं; पण आता दणदणीतही नाही. समिती काय म्हणेल, सांगता येत नाही. काशीबाईला मी फोन केला आणि आकडा कमी झाला असं सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे शिंपली कमी झाली काय?" मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "मग?" याचं उत्तर तू दिलं असतंस. मी म्हटलं की मोठा खोटा आकडा देसायांनी सुनावणीत फोडला असता, आणि त्याच्यासोबत आपलं खरंही वाहून गेलं असतं. तिनं फोन ठेवला. पटलं की नाही, कळलं नाही.

आंब्याची पेटी कुणी दिली, ते मला अजून माहीत नाही. काशीबाईला विचारलं, तिनं दिली नाही. आकड्याबाबत तू खरी होतीस, म्हणून पेटीबाबतही खरी असशील, असं मी धरून चालत नाही. एक टाकी गोड निघाली म्हणून दुसरी न चाखता सोडायची, असं तू मला शिकवलेलं नाहीस. तू वरून हसत असशील तर हस. फ्लेक्सवरच्यापेक्षा तरी ते खरं असेल.

तुझे आभार कसे मानायचे, तेही मला कळत नाही. तू मला आयुष्यभर टोचत राहिलीस, माझा एकही आकडा मुकाट्यानं घेतला नाहीस, आणि त्या टोचण्याच्या भरवशावर मी बेफिकीर अंदाज करत राहिलो, कारण पलीकडे तू तळ बघायला बसलेली होतीस. इतका विश्वास मी दुसऱ्या कुणावर ठेवलेला नाही. हे तुला तोंडावर सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, "काय पाह्यजे तुले, सरळ सांग."

सांगतो. दुसरा घोट घेणारं माणूस पाहिजे.

काल मी एक काम केलं. नवा आकडा, सगळ्या जहाजांसकट, समितीला पाठवायच्या आधी देसायांना पाठवला. ज्याच्याशी पटत नाही त्याला. तपासा, म्हटलं, कुठं जास्त झालं असेल तर सांगा, कुठं कमी झालं असेल तर तेही सांगा. बायको म्हणाली, तुमचं डोकं फिरलं का, शत्रूच्या हातात सुरी देता. असेलही. देसायांवर माझा तिळाएवढा विश्वास नाही, आणि त्यांचा माझ्यावर नाही. तुझ्या गावात चाखणारे निवडताना एवढंच बघत असत.

उत्तर अजून आलेलं नाही. सुनावणी जवळ आली आहे, काशीबाईनं पुन्हा फोन केलेला नाही, आणि आकडा माझ्यासमोर टेबलावर पडून आहे. मला तो बरोबर वाटतो. फार बरोबर वाटतो. इतका की मी तो अजून कुणाला बरोबर म्हणून सांगितलेला नाही, कारण तहान मलाच आहे, सुजाता.